‘कडी लावू नये’: अपस्मार, बाथरूम आणि एका घरानं काढलेली वाट

पुण्याच्या एका उपनगरातल्या कुटुंबाची ही हकिकत त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जिच्याबद्दल हे सगळं आहे तिला घरात ताई म्हणतात, म्हणून इथेही ती ताईच. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारपण असतानाही आंघोळ, स्वयंपाक, कामावर जाणं-येणं नीट कसं पार पडेल ते घरी जाऊन बघायचं आणि मार्ग काढायचा, हे माझं काम. या प्रकरणात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती लपवली तर हे लिहिण्यात काही अर्थ राहत नाही.

पार्श्वभूमी

ताई तेव्हा 23 वर्षांची होती. बी.कॉम. झालेली, एमपीएससीचा अभ्यास करणारी. घरात आई, बाबा, बारावीतला भाऊ आणि आजी. भाड्याचा वन बीएचके फ्लॅट, तिसरा मजला. संडास-बाथरूम एकत्र, पॅसेजमध्ये, जेमतेम चार बाय साडेसहा फुटांचं. दार पीव्हीसीचं आणि आत उघडणारं.

तिला पहिली मोठी फिट पंधराव्या वर्षी आली, दहावीच्या सराव परीक्षेच्या सकाळी. त्याआधी वर्षभर सकाळी उठल्या उठल्या तिच्या हातांना बारीक झटके यायचे. टूथब्रश उडायचा, चहाचा कप सांडायचा. आई म्हणायची, “वेंधळी आहेस नुसती.” त्या वेंधळेपणाचं खरं नाव ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) झाल्यावर कळलं: ज्युव्हेनाइल मायोक्लॉनिक एपिलेप्सी. हा अपस्माराचा प्रकार बहुतेक करून किशोरवयात सुरू होतो. झटके आणि मोठ्या फिट्स जास्त करून जाग आल्यापासून पहिल्या तास-दोन तासांत येतात. जागरण झालं, गोळी चुकली की धोका वाढतो. औषधांना हा प्रकार चांगली दाद देतो, पण गोळ्या सहसा वर्षानुवर्षं चालू ठेवाव्या लागतात.

आता आपल्या घरातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. उठायचं, तोंड धुवायचं, संडास, लगेच आंघोळ. फिटचा धोका सगळ्यात जास्त असतो नेमक्या त्याच तासात ही पोरगी ओल्या फरशीवर, गरम पाण्याच्या बादलीशेजारी, बंद दारामागे असायची. शिवाय रात्री दीड-दोनपर्यंत अभ्यास आणि सहाला उठणं, कारण सोसायटीत पाण्याला जोर सकाळीच असतो.

अडचण

माझी पहिली भेट मे महिन्यात झाली. निमित्त एका पडण्याचं होतं. ताईला बाथरूममध्ये फिट आली, कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. त्या दिवशी कडी लावलेली नव्हती, आई लगेच आत शिरली.

मी बाथरूम पाहिलं, मापं घेतली आणि कागदावर सूचना लिहून दिल्या. रबरी मॅट टाकावी. उभं राहून आंघोळ करू नये. बादली अर्धीच भरावी. आधी गार पाणी, मग गरम. हीटरचा रॉड वापरू नये. शेवटी लिहिलं: कडी लावू नये. आई सगळ्याला मान हलवत होती. ताई दाराशी उभी होती. तिला मी एवढंच विचारलं, “चालेल ना?” ती म्हणाली, “हो.”

त्या तीन शब्दांनी तिच्या घरात काय झालं ते मला सहा महिन्यांनी कळलं.

कडी नाही म्हटल्यावर आई दाराबाहेर उभी राहायला लागली. मिनिटा-मिनिटाला, “झालं का? बरी आहेस ना?” उत्तराला जरा उशीर झाला की दार ढकलायची. भाऊ पॅसेजमधून जाता-येता खाली बघत जायचा. पाळीच्या दिवसांत पॅड बदलायचं तरी आई दारात. ताईनं नंतर मला सांगितलं, “मॅडम, दार लोटलेलं असलं की मला संडासला होतच नाही. सगळे झोपायची वाट बघायचे मी.” संडासला जावं लागू नये म्हणून ती पाणी कमी प्यायला लागली. आणि पहाटे साडेचारला, सगळे झोपलेले असताना, ती आत जाऊन हळूच कडी लावायची.

म्हणजे माझ्या सूचनेनं तिची झोप आणखी कमी झाली आणि अपुऱ्या झोपेत, कुणाला पत्ता नसताना, ती बंद दारामागे आंघोळ करू लागली. धोका होता त्याहून वाढला.

दिवाळीची पहाट

त्या वर्षी मामाचं कुटुंब दिवाळीला आलं होतं. घरात नऊ माणसं. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत चकल्या आणि रांगोळी. नरक चतुर्दशीला साडेचारला उठवणं, तेल, उटणं. रात्रीची गोळी गडबडीत राहिली. राहिली हे त्या दिवसापुरतं झालं; केस गळतात म्हणून ताई महिन्याभरापासून मधूनमधून गोळी गाळत होती, ते मागाहून समजलं.

सव्वापाचच्या सुमाराला ती आत गेली. हॉलमध्ये मामा आणि मामेभाऊ बसलेले. तिनं कडी लावली. त्या घरात, त्या सकाळी, कुठल्याही मुलीनं लावली असती.

ती पडल्याचं कुणाला ऐकू आलं नाही. बाहेर फटाके सुरू झाले होते. आधी लक्षात आलं ते आजीच्या. दाराखालून उटण्याचं तांबूस पाणी पॅसेजमध्ये यायला लागलं आणि आजीच्या पायांना ते गरम लागलं.

हाका मारल्या, दार ठोकलं. मामेभावानं खांद्यानं धक्के दिल्यावर बोल्टचे स्क्रू निघाले, पण दार चार बोटांपलीकडे सरकेना. आतून तिचे गुडघे दाराला टेकले होते. जितकं ढकलावं तितकं ते तिच्यावरच येत होतं. शेवटी वॉचमनला बोलावलं. त्यानं दाराचा खालचा पत्रा फोडला, हात घालून तिचा पाय बाजूला केला, मग दार उघडलं. या सगळ्यात दहा-बारा मिनिटं गेली.

फिट तोवर थांबली होती. गरम पाण्याचा नळ चालूच होता आणि पाणी बादलीवरून वाहून तिच्या मांडीवर पडत होतं. कपाळ नळाच्या चावीवर आपटलं होतं. त्यात मामांनी घाईघाईत दातांमध्ये चमचा घातला, एका दाताचा तुकडा पडला. कुणीतरी चप्पल आणली हुंगवायला. कपाळाला पाच टाके, मांडीवर तळहाताहून मोठा भाजल्याचा फोड.

ताईला आठवतं ते असं: “शुद्धीवर आले तेव्हा हॉलमध्ये होते, अंगावर चादर. समोर वॉचमनकाकांच्या चपला दिसल्या. मग मला कळलं की मला कुणी कुणी बघितलं असेल.”

तीन आठवडे फुटक्या दाराला चादर लावून दिवस काढले. ताई आंघोळीला टाळाटाळ करू लागली, पाणी जवळजवळ सोडलं, लघवीचा संसर्ग झाला. तेव्हा आईचा मला फोन आला.

समोर असलेले पर्याय

या वेळी मी आधी ताईशी बोलले, गच्चीवर, दोघीच. तिला एकच विचारलं: तुला काय नको आहे? ती बराच वेळ बोलत होती. दार उघडं नको. भाऊ नको. दर मिनिटाला हाक नको. आणि सगळ्यात जास्त, पुन्हा तसं सगळ्यांसमोर उचलून आणलेलं नको. मेलेलंही नको, असं ती अगदी शांतपणे म्हणाली. “मला मरायचं नाहीये मॅडम. मला फक्त दार हवंय.”

मग आईशी, वेगळं. आईनं आठ वर्षांत एकही रात्र नीट झोप घेतलेली नव्हती. पहिली फिट आली तेव्हा ती ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि हॉलमधून आलेला तो आवाज तिच्या कानांतून गेला नव्हता. ती दाराशी उभी राहायची ती भीतीपोटी. तिला दुसरं काही करायला कुणी शिकवलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

घरात बसून आम्ही पर्याय मांडले.

भावानं सुचवलं, छोटा कॅमेरा लावू, मोबाइलवर फक्त आईलाच दिसेल. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, दिवाळीनं तोही हादरला होता. ताई उठून आत निघून गेली. तो पर्याय तिथेच मिटला आणि मिटायलाच हवा होता.

बाबांना बिनतारी बेल हवी होती. आत बटण, बाहेर आवाज. मोठ्या फिटमध्ये शुद्ध एकदम जाते, बटण दाबायला वेळ मिळत नाही. ज्यांना फिटआधी पूर्वसूचना जाणवते त्यांना बेल कदाचित उपयोगी पडेल. ताईची पूर्वसूचना वेगळी होती: हातांचे झटके. ते फिटच्या काही मिनिटं आधी यायचे, कधी तासभर आधीही. त्यांचा उपयोग बेलपेक्षा चांगला करता येतो, तो पुढे सांगते.

मनगटावर बांधायचं फिट ओळखणारं घड्याळ आम्ही महिनाभर वापरून पाहिलं. कपडे घासताना ते वाजायचं. चार-पाच वेळा आई धावत आली, ताई चिडली, घड्याळ कपाटात गेलं. दुसऱ्या कुणाला ते उपयोगी पडेलही. या घरात त्यानं आईची धास्ती वाढवली.

शेजारच्या काकूंनी गॅस गीझर सुचवला. त्याला मी साफ नाही म्हटलं. हवा खेळती नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर लावला तर कार्बन मोनॉक्साइड साचून धडधाकट माणूसही बेशुद्ध पडतो, जीव जातो. जिला आधीच फिट येतात तिच्या बाबतीत तर काय झालं ते ओळखायलाही वेळ लागेल.

उरला मुख्य प्रश्न दाराचा. पॅसेज अडीच फुटांचा आणि समोर फ्रिज. दार बाहेर उघडेल असं करायचं तर फ्रिज हलवावा लागणार. फोल्डिंगचं दार लावलं तर जागा लागत नाही, पण ते पातळ, आवाज सगळा बाहेर. ताई म्हणाली, “आवाज बाहेर गेलेला मला नको.” फ्रिज हॉलमध्ये गेला. आजी आठवडाभर कुरकुरली, कारण देवघराशेजारी फ्रिज.

घरमालकाला काय सांगायचं यावर बरीच चर्चा झाली. बाबांना आजाराचा उल्लेख नको होता, आईला तर मुळीच नाही. “लग्नाचं बघायचंय अजून.” 1999 मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन लग्नाला अडसर ठरणाऱ्या कारणांतून अपस्माराचा उल्लेख काढून टाकण्यात आला, हे मी सांगितलं. आईला ते ऐकून आश्चर्य वाटलं, पण आईची भीती कायद्याची नव्हतीच, शेजारपाजाऱ्यांची होती. आणि दिवाळीनंतर सोसायटीत जे व्हायचं ते झालंच होतं. शेवटी ताईनं ठरवलं: मालकाला दार फुटलं आहे, आम्ही आमच्या खर्चानं बदलतो, एवढंच सांगायचं. आजार कुणाला सांगायचा ते मी ठरवेन. मला ते पटलं. बाथरूममधला आडोसा जसा तिचा, तशीच ही माहितीही तिचीच.

काय केलं

पहिलं काम डॉक्टरांकडे. सुताराच्याही आधी. फिट्स आटोक्यात नसतील तर कितीही चांगलं दार लावून पुरत नाही. मेंदूविकार तज्ज्ञांनी एक महत्त्वाचा प्रश्न विचारला: डोक्यावरून गरम पाणी घेतल्यावरच फिट येते का? गरम पाण्यानं उद्दीपित होणारा अपस्मार आपल्या देशात, विशेषतः दक्षिणेत, बराच आढळतो. मगानं डोक्यावर भराभर कढत पाणी ओतल्यानं तो होतो, आणि पाणी कोमट केलं की पुष्कळदा फरक पडतो. ताईच्या फिट्स मात्र अंथरुणात, अभ्यासाच्या टेबलापाशीही आल्या होत्या, सगळ्या सकाळच्याच. त्यामुळे तो प्रश्न मिटला. मग औषध. पंधराव्या वर्षापासून तिला व्हॅल्प्रोएट होतं. बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांना ते देताना गर्भावरच्या गंभीर परिणामांमुळे फार विचार करावा लागतो. केस गळणं, वजन वाढणं हेही तिला सोसवत नव्हतं, पण ते डॉक्टरांना सांगायची तिला लाज वाटत होती. या वेळी तिनं सांगितलं. हळूहळू बदल करत लेव्हेटिरासेटॅम सुरू झालं. (गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करणं किंवा बदलणं धोक्याचं आहे, एकदम बंद केल्या तर फिट्स लागोपाठ येऊ शकतात.)

दुसरं, आंघोळीची वेळ. ती संध्याकाळी सहाला न्यायची. कागदावर अगदी सोपं, आणि घरात यावरच सगळ्यात मोठं भांडण झालं. पारोशानं स्वयंपाकघरात आणि देवघरात जायचं नाही हा आजीचा सत्तर वर्षांचा नेम. “पारोशी पोर चहा करणार?” मी काही बोलले नाही, माझा तो अधिकार नव्हता. दोन दिवसांनी आजीनंच सांगितलं, सकाळी हातपाय-तोंड धुऊन केस बांधले की चालेल, पूजा मी करते. दिवाळीत पायांना लागलेलं ते गरम पाणी आजी विसरली नव्हती, असं मला वाटतं.

तिसरं, दार. सुतारानं बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडणारं केलं. टॉवर बोल्ट, म्हणजे आतली सरकती कडी, काढला आणि दवाखान्यांच्या संडासांना असतं तसं लॉक बसवलं. आतून फिरवलं की बाहेर लाल खूण दिसते, आणि बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडतं. ताईला तिची कडी परत मिळाली. एक जुनं रुपयाचं नाणं भोक पाडून दोऱ्यानं चौकटीच्या वर टांगलं.

चौथं, आतली मांडणी. ही ताईनं आणि मी मिळून केली. ती पूर्ण कपड्यांत प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसली आणि मी खडूनं फरशीवर खुणा केल्या. तिथून ती पुढे कोसळली तर कपाळ कुठे लागेल, डावीकडे, उजवीकडे. पुढची खूण बरोबर नळाखाली आली. आम्ही दोघी त्या खुणेकडे बघत राहिलो. मग स्टूल मागे, कोपऱ्याच्या भिंतीला टेकवलं, बादली समोर न ठेवता बाजूला, हाताच्या अंतरावर, आणि नळाच्या चावीवर जाड रबराची नळी कापून चढवली. बादली अर्धीच, कारण फिटमध्ये तोंड भरलेल्या बादलीत गेलं तर माणूस बुडू शकतो. स्टूल बुटकं, म्हणजे पडली तरी उंची कमी. गीझरचा थर्मोस्टॅट खाली आणला. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, पन्नासच्या खालच्या पाण्याला तेवढंच भाजायला काही मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांत कुणीतरी पोचू शकतं. शिवाय बादली भरून झाल्यावर गीझर बंद करूनच आत जायचं. वाहता गरम नळ नाही.

पाचवं, हाकेचा ठराव. पहिला ठराव फसला. पाच मिनिटांनी एक हाक ठरलं होतं, आई अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला मारायची. तिला पाच मिनिटं म्हणजे किती हे भीतीनं कळतच नव्हतं. मग ओट्यावर कुकरसाठी वापरतात तसलं टायमर ठेवलं. ते वाजलं की एकच हाक, “ताई?” आतून “हं.” उत्तर नाही आलं तर दुसरी हाक, त्यालाही नाही आलं तर नाणं. ती पडल्याचा किंवा हातातला मग आपटल्याचा आवाज आला तर टायमरची वाट बघायची नाही. मधल्या वेळात आई दाराशी नाही, ओट्याशी.

आत गेल्यावर काय करायचं तेही आईनं तीनदा करून पाहिलं, भावाला जमिनीवर झोपवून. नळ बंद. तोंड पाण्याबाहेर. एका कुशीवर. लगेच अंगावर पंचा, तो दाराबाहेरच्या खुंटीवर कायमचा टांगलेला. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा लागोपाठ दुसरी आली, किंवा पाण्यात तोंड गेलं होतं, तर 108. आत फक्त आई. भाऊ बाहेर, फोन हातात, पाठ दाराकडे. “पाठ दाराकडे” हे शब्द ताईचे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा: बाथरूममधलं प्रत्येक काम सारखं धोक्याचं नसतं हे ओळखण्याचा. दात घासणं बाहेरच्या बेसिनवर. संडासला दार बंद, लॉक लावलेलं, हाक नाही. फार वेळ लागला तरच एकदा. आंघोळीला टायमर. डोक्यावरून न्हायचं असेल तर आई घरात असतानाच. आणि सकाळी हातांना झटके आले तर त्या दिवशी अंघोळीची घाई नाही, आधी विश्रांती, डॉक्टरांनी सांगितलेली काळजी, गरज पडली तर ओल्या टॉवेलनं अंग पुसणं. झटके म्हणजे तिची बेल. ती वाजली की ती आता ऐकते.

काय झालं

पुढच्या नऊ महिन्यांत दोन मोठ्या फिट्स आल्या. आधीच्या नऊ महिन्यांत सात होत्या. यात औषधाचा आणि झोपेचा वाटा मोठा आहे, दाराचा नाही, हे स्पष्ट लिहिते. पैकी एक अंथरुणात. दुसरी मार्चमध्ये, सकाळी सातला, संडासात.

भारतीय पद्धतीच्या संडासावर बसलेली असताना ती बाजूला कलंडली. आईनं आवाज ऐकला, हाक मारली, नाणं फिरवलं. दार बाहेर उघडलं, कुणाला ढकलावं लागलं नाही. कुशीवर, पंचा. भाऊ पॅसेजमध्ये पाठ करून उभा होता आणि मोठ्यानं मिनिटं मोजत होता. दोन मिनिटांत थांबली. खांद्याला मुका मार लागला, एवढंच. आजीनं नंतर मला सांगितलं की ती हॉलमधून उठलीच नाही, “त्यांचं ते करत होते.”

ताईला अर्थातच काही आठवत नाही. ती म्हणाली, “जाग आली तर पंचा गळ्यापर्यंत होता. मी आधी तेच चाचपलं.”

लघवीचा त्रास पुन्हा झाला नाही. ती आता सकाळी उठल्यावर दोन भांडी पाणी पिते. आई रात्री झोपते, रोज नाही, पण झोपते.

बिनसलंही बरंच. रबरी मॅटखाली शेवाळ धरलं आणि तीच निसरडी झाली. ती फेकून फरशीला खरखरीत पट्ट्या लावल्या. पावसाळ्यात लॉक अडकायला लागलं, दर महिन्याला तेलाचा थेंब लागतो. आणि मे महिन्यात आई चार दिवस गावाला गेली तेव्हा आत कोण जाणार हे ठरलंच नव्हतं. ताई चार दिवस अंग पुसून राहिली. तो प्रश्न नंतर सोडवला. ताईनं बाबांचं नाव सांगितलं, अट एकच, पंचा आधी. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आपलं नाव घ्यावं असं त्यांना वाटत होतं, पण ते विचारू शकले नव्हते.

पुन्हा करायचं तर

मे महिन्यातल्या त्या कागदाकडे मी वारंवार परत जाते. सूचना एकही चुकीची नव्हती. ‘कडी लावू नये’ हेही चूक नाही, अपस्मार असलेल्या कुणालाही आम्ही ते सांगतो. पण कडी काढून घेताना तिच्या जागी मी काही दिलं नाही. नाण्याचं लॉक तेव्हाही बाजारात मिळत होतं. बिजागऱ्या बदलायला सुताराला अर्धा दिवस लागला. मे महिन्यातच हे केलं असतं तर वॉचमनला बोलवायची वेळ आली नसती.

“चालेल ना?” हा प्रश्न मी आता विचारत नाही. आईसमोर, अनोळखी बाईसमोर कुठलीही मुलगी “हो”च म्हणेल. आता मी आधी त्या व्यक्तीला एकटीला भेटते आणि विचारते, “यातलं काय तुम्ही करणार नाही?” उत्तरं खरी मिळतात.

सणावारांचं मी विचारलंच नव्हतं. आमच्या कामात रोजचा दिवस बघायची सवय असते. पण जागरण, पाहुणे, पहाटेची आंघोळ, तेलकट फरशी, चुकलेली गोळी हे सगळं एकत्र येतं ते दिवाळीला, लग्नघरात, गणपतीत. आता माझ्या वहीत तो वेगळा प्रश्न आहे. ताईच्या घरी पुढच्या दिवाळीला अभ्यंगस्नान सकाळी साडेनऊला झालं, पुरती झोप झाल्यावर, आणि ओवाळणी आजीनं केली.

भावाशी मी फार उशिरा बोलले. त्यानं त्या पहाटे जे पाहिलं ते तोही बाळगून होता. कॅमेऱ्याची सूचना त्यातूनच आली होती. त्याला वेळेवर काहीतरी काम दिलं असतं तर त्याचंही ओझं हलकं झालं असतं.

सध्या

ताईला नाशिकला नोकरी लागली. मुलींच्या होस्टेलवर राहते, चौघींना मिळून एक बाथरूम. गेल्या महिन्यात तिनं मला त्या दाराचा फोटो पाठवला. आत उघडणारं, वर टॉवर बोल्ट. वॉर्डनला सांगायचं का, किती सांगायचं, यावर आम्ही फोनवर तासभर बोललो. वॉर्डनला तूर्त सांगायचं नाही असं तिचं ठरलंय. खोलीतल्या एका मैत्रिणीला तिनं सांगितलं आहे, कुशीवर कसं करायचं ते करून दाखवलं आहे. आंघोळ संध्याकाळी, ती मैत्रीण खोलीत असताना. बोल्टऐवजी बाहेरच्या मुठीला लाल रिबन बांधायची, म्हणजे आत कुणी आहे हे चौघींना कळतं, दार नुसतं लोटलेलं. आत उघडणाऱ्या दाराचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. तोवर तिनं स्टूल दारापासून लांबच्या भिंतीला ठेवलं आहे, पडली तर पाय दाराकडे येणार नाहीत असं, आणि खुणा तिनं स्वतः केल्या आहेत, खडूनं.